कोरडं पान

साहेबांनी चिरूट विझवला तो शिवशरणच्या बशीत. खिडकीत पितळेची राखदाणी होती, स्वतःची रिकामी बशी त्यांच्या कोपरापाशीच होती. पण बोलता बोलता, तिकडं न बघता त्यांनी हात लांबवला आणि ते जळतं टोक शिवशरणच्या बशीत सांडलेल्या घोटभर चहात दाबलं. चर्र असा आवाज झाला. शिवशरणनं कप तोंडाशी नेला होता, तो तसाच हातात राहिला. आता ठेवायचा कुठं? "यापेक्षा गोवरी ओढलेली बरी हो, चेअरमन," साहेब म्हणाले. आणि वीरप्पा हसला. साहेब बोलले त्याचं एवढं नाही. साहेब परगावचे, आज आहेत उद्या नाहीत. पण वीरप्पा सोसायटीचा चेअरमन, अणदूरचा, ज्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या घटकेला सव्वीस बाया मान खाली घालून हेच चिरूट वळत होत्या, तो मांडीवर थाप मारून हसला, आणि हसता हसता त्यानं शिवशरणकडं असं बघितलं की, हस की लेका तूही. शिवशरणच्या ओठांचे कोपरे वर गेले. ते त्याच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. तोही हसला होता.

त्र्याहत्तर सालचा मे महिना. उस्मानाबादच्या डाकबंगल्यातला पंखा वरची गरम हवा तेवढी खाली ढकलत होता. साहेब पुण्याहून आलेले. खेड्यापाड्यांतला माल विकणारी सरकारी दुकानं त्यांच्या हाताखाली होती, आणि त्या दुकानांत चाफा छाप चिरूट ठेवायचा की नाही हे ते ओढून बघून सांगणार होते. ठेवला तर शेड चालणार. नाहीतर जूनच्या आत टाळं, आणि सव्वीस बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला. शिवशरण सोसायटीचा सेक्रेटरी. तो उस्मानाबादेत राहून विक्रीचं बघायचा. स्टँडसमोर सोसायटीचं एक दारवजा दुकान होतं, तिथं दहा पैशाला एक चिरूट मिळायचा. या सकाळसाठी तो पंधरा दिवस राबला होता. पेटी त्यानं स्वतः निवडली, तिच्यावर चाफ्याच्या चित्राचा कागद एकही सुरकुती न पडू देता चिकटवला, साहेबांसमोर काडी स्वतः ओढून धरली. साहेबांनी दोन झुरके घेतले. मोजून दोन. मग विषय निघाला नळदुर्गच्या किल्ल्याचा, मग तिथं जीप वरपर्यंत जाते का याचा, आणि शिवशरण पेटी उचलून उभा राहिला. "बस की रे," वीरप्पा म्हणाला. "येतो जरा," शिवशरण म्हणाला, आणि जो बाहेर पडला तो परत गेलाच नाही.

उन्हात आल्यावर त्याला सगळी उत्तरं सुचायला लागली. गोवरी तुमच्याकडं कधीपासून ओढतात, साहेब? दोन झुरक्यांत पारख होत असती तर माझ्या बापानं वीस वर्षं हैदराबादेत काय गवत कापलं? हे वाक्य त्यानं तीनदा घोळवलं, दर खेपेला आवाज थोडा चढवून, आणि कोर्टाच्या भिंतीच्या सावलीत बसलेला एक म्हातारा त्याच्याकडं टक लावून बघायला लागला तेव्हा त्याला कळलं की आपण मोठ्यानं बोलतोय. राग त्याच्या डोक्यात नव्हता, दातांत होता. दाढा एकमेकींवर इतक्या घट्ट बसल्या होत्या की कानामागं ठणका लागला. बाप, भीमाशंकर, हैदराबादेतल्या चिरुटाच्या कारखान्यात वीस वर्षं बसलेला माणूस. पोलीस ॲक्शननंतर तो अणदूरला परतला तो एक पत्र्याची ट्रंक आणि दहा बोटं घेऊन. पान घ्यायचं असलं की तो ते जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा, आणि विकायला आलेला माणूस तेवढा वेळ श्वास धरून उभा राहायचा. मग गुळाच्या पाण्यात एक रात्र, गोणपाटाखाली तीन आठवडे. मधूनमधून उठून, लेकरू कुशीवर वळवावं तसं ते पान तो वळवायचा. "निजतंय," म्हणायचा. "उठवू नका." त्या दिवसांत घराला मनुकांचा, गोठ्याचा आणि ओल्या मातीचा असा मिळून एक वास यायचा, आणि तो वास शिवशरणच्या सदऱ्याला लागून शाळेत यायचा. पोरं नाक धरायची, चुट्टेवाला म्हणायची. एकदा घरी येऊन तो रडला, तेव्हा बापानं त्याला चिरूट वळायला शिकवायचं जे चालवलं होतं ते त्या दिवसापासून बंद केलं. "तू लिही," म्हणाला. रागानं नाही. त्यानं बोलायला हवं होतं रागानं. तेवढंच शिवशरणला आज इतक्या वर्षांनी नको तिथं बोचलं.

स्टँडवर येऊन तो सिमेंटच्या बाकावर बसला, पेटी उघडली, एक चिरूट काढला. साहेबांना खोटं पाडायचं होतं. स्वतःपुरतं का होईना, ओढून बघायचं आणि म्हणायचं, हे बघा, हा काय चांगला आहे. पहिला झुरका त्यानं या इराद्यानंच घेतला आणि धूर तोंडात धरून ठेवला. चव आली ती आधी जिभेच्या मुळाशी. कडू, पण कडूचं त्याला वावडं नव्हतं. बापाचा चिरूटही कडू असायचा, मात्र त्या कडवटपणाच्या पोटात गोडवा दडलेला असायचा, तो धूर सोडल्यावर हळूच वर यायचा. इथं पोटात काही नव्हतं. ओल्या कडुलिंबाची फांदी चुलीत घातल्यावर डोळ्यांना झोंबतो तसला धूर, तो टाळूला चिकटला आणि तिथंच आंबट झाला. दुसऱ्या झुरक्याला घशात खाज सुटली. तिसऱ्याला त्यानं चिरूट तोंडातून काढला, दुसरा एक पेटीतून उचलून अंगठ्याच्या नखानं उभा चिरला. वरचं पान मऊ होतं. आतला भरणा उन्हातल्या कडब्यासारखा कुरकुर वाजला आणि त्याच्या मांडीवर भुगा होऊन पडला. पान निजलंच नव्हतं. त्याला पाणीच लागलं नव्हतं.

साहेबांचं बरोबर होतं. दोन झुरके पुष्कळ झाले होते.

हे कळल्यावर राग उतरायला हवा होता, पण तो दुप्पट झाला; अपमान खोटा असता तर निदान तो पाठीवर टाकून घरी तरी जाता आलं असतं. हा कसा नेणार? आणि मला हे आज कळतंय, चैत्र गेला, वैशाख आला, आणि आज? त्यानं आठवून बघितलं. शिवरात्रीनंतर त्यानं चाफा छाप ओठाला लावलेला नव्हता. खिशात सिगारेटचं पाकीट होतं. पहिलं पाकीट वीरप्पानंच दिलं होतं, मोठ्या माणसांत उठबस करायची तर हे बरं दिसतं म्हणून. आणि बायको, शरणम्मा, म्हणाली होती की आता कुठं तुमच्या बोटांना माणसासारखा वास यायला लागला. दुकानात गिऱ्हाईकं कमी झाली तेव्हा तो म्हणाला, दुष्काळ आहे, लोकांकडं पैसा कुठंय. मार्चमध्ये शेडमधल्या प्रेमाबाईनं कंडक्टरच्या हाती चिठ्ठी पाठवली होती, नातीच्या गोल अक्षरात: पान नीट होत नाही, एकदा येऊन जावे. त्यानं ती वाचली होती. बघू, असं तो कंडक्टरला म्हणाला होता आणि चिठ्ठी खणात टाकली होती, कारण बायांचं काही ना काही चालूच असतं. पण असल्या आठवणींवर राग फार वेळ टिकत नाही, त्याला दुसरा माणूस लागतो. मुळात प्रेमाबाईनं असलं पान हातात घेतलंच कसं? भीमाशंकरच्या हाताखाली शिकलेली ती एकटी उरलेली. तिला कळत नव्हतं? कळत असून तिनं हा माल माझ्या हातात दिला, आणि मी तो घेऊन साहेबापुढं गेलो, नटूनथटून! तुळजापूरची गाडी लागली तेव्हा शिवशरणचा निकाल झाला होता. दोष प्रेमाबाईचा होता.

तुळजापूरला, मग नळदुर्गला गाडी बदलली. खिडकीतून येणारा वारा गालावर तव्यासारखा लागत होता. रस्त्याच्या कडेनं खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा होत्या, डोक्यावर धडपे घेतलेल्या, आणि हातोड्यांचा आवाज गाडीच्या आवाजातूनही येत राहिला, एकसारखा नाही, कुणाचा आधी, कुणाचा मागनं. अणदूर जवळ आलं तशी उजव्या हाताला वीरप्पाची मोसंबीची बाग आली. चहूकडं सगळं राखेच्या रंगाचं आणि मध्ये तेवढा हिरवा तुकडा. गाडीतले लोक तिकडं बघायचे आणि कुणीतरी म्हणायचंच, चेअरमनच्या विहिरीला झरा लई चांगला. आजही एकजण म्हणाला. "व्हय, झरा चांगलाय," शिवशरण म्हणाला, सवयीनं, आणि पुढं काय काय बोलायचं ते पुन्हा जुळवायला लागला.

शेडच्या दारात तो क्षणभर थबकला. काहीतरी नव्हतं. बापाच्या घरी गल्लीच्या तोंडाशीच वास यायचा. इथं आत जाईपर्यंत नुसती धूळ आणि तापलेला पत्रा. पण इतका लांबून आणलेला राग दारात ठेवता येत नाही. तो बायांच्या रांगांमधून तडक टोकाला गेला आणि पेटी प्रेमाबाईच्या पाटावर आपटली. चिरूट घरंगळले.

"हे काय वळलंय, प्रेमाक्का? साहेबानं दोन झुरक्यांत विझवला. गोवरी म्हणाला गोवरी, माझ्या तोंडावर!"

बायांचे हात थांबले. प्रेमाबाईनं चष्म्याची दोरी कानावरून सारखी केली, घरंगळलेले चिरूट एकेक करून गोळा केले.

"बरुबर म्हनला," ती म्हणाली.

"काय?"

"बरुबर म्हनला म्हंते. म्या बी ओढते की रोज सांजचा एक. मला ठावं न्हाय व्हय कसा लागतो त्ये?"

"मग कळत असून असला माल देताय? पान भिजवलं नाही तुम्ही. निजवलं नाही. मी फोडून बघितलाय."

"कशात भिजवू, आण्णा?"

"म्हणजे?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. आणि तिनं त्याचं मनगट धरलं, सेक्रेटरीचं धरत नाहीत तसं, खोड काढलेल्या पोराचं धरतात तसं, आणि त्याला शेडमागच्या हौदापाशी नेलं. हौदाच्या तळाला वाळलेलं शेवाळ पापुद्रे होऊन उलटं वळलं होतं.

"शिवरात्रीपासनं थेंब न्हाय यात."

"असं कसं? टँकर मंजूर आहे सोसायटीला. मी स्वतः चार दिवस कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात त्याच्यासाठी."

"टँकर येतो की. न चुकता येतो. त्या तलावावर भरतो, हितनं म्होरं जातो." तिनं हनुवटीनं रस्ता दाखवला, ज्या रस्त्यानं तो आत्ताच आला होता. "मोसंब्या पितात."

शिवशरणला धक्का बसायला हवा होता, आणि तो बसत नव्हता. आत कुठंतरी एक माणूस शांत बसून मान हलवत होता, की हे तर मला माहीत आहे. दर पंधरवड्याला चेअरमनच्या घरी हिशेब द्यायला येताना मी त्या बागेवरून जातो, शेडपर्यंत मात्र येत नाही. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आटल्या आणि एकाच विहिरीला झरा, हे मी ऐकलं, मी म्हटलं, मी दुसऱ्यांना सांगितलं. त्या माणसाला त्यानं आजवर एकदाही बोलू दिलं नव्हतं.

"मग वळता कशानं?" त्यानं विचारलं.

"घरनं आणतो, तांब्या तांब्या. प्यायच्यातलं. वरचं पान तेवढं वलं करायचं, न्हायतर बोटात तुटतंय. आतलं कोरडंच. तांब्या सपला की मग..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि दारातून आत बघितलं. चांगुणा म्हणून एक तरणी बाई दाराशी बसली होती. तिनं एक पान दोन्ही हातांवर पसरलं, तोंडापुढं धरलं, आणि आरशावर फुंकतात तशी त्याच्यावर तोंडची वाफ सोडली. हा. हा. हा. पान जरा नरमलं. मग तिनं ते भरण्याभोवती गुंडाळलं आणि पुढचं घेतलं. तिच्या ओठांच्या कडा तंबाखूनं चिरलेल्या होत्या. रांगेत अजून चार-पाच जणी तेच करत होत्या, कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"मला सांगायचं नाही?" तो म्हणाला.

"चिट्ठी धाडली. दोन धाडल्या."

दुसरी त्यानं उघडलीच नव्हती. वरचं गोल अक्षर ओळखून ठेवून दिली होती.

"शरणू," प्रेमाबाई म्हणाली, आणि आता ती आण्णा म्हणत नव्हती, तुमी म्हणत नव्हती. "तुजा बाप असता तर त्यानं ह्ये पान हातात धरलं नसतं. तू त्याच्यावर चाफा चिकटीवलास. ओढला तरी का ह्यातला एकांदा?"

"ओढला."

"कवा?"

"आज."

"आज," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे चालू असतानाच रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. बायांना ती वेळ माहीत होती. कुणी मानही वर केली नाही. शिवशरण धावत सुटला. बाभळीचं एक वाळकं झुडूप त्याच्या धोतरात अडकलं, ते तसंच फरफटत तो डांबरी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. टँकर थांबला, मागच्या झाकणातून हिंदकळून पाणी सांडलं, आणि रस्त्यानं ते तिथल्या तिथं पिऊन टाकलं. ड्रायव्हर बलभीम खिडकीतून वाकला. शिवशरणची मूठ वळलेली होती. सकाळपासून जमवलेलं सगळं, साहेबांसाठीचं, वीरप्पासाठीचं, आता तोंडाशी आलं होतं, आणि गरज पडली तर या माणसाला खाली ओढायची त्याची तयारी होती.

"कुठं चाललास?"

"मळ्यात. चेअरमनच्या."

"हा टँकर सोसायटीचा आहे."

"व्हय."

"मग इकडं वळव. हौदात."

बलभीमनं तोंडातली तंबाखू थुंकली, बाजूच्या आरशात मागचा रस्ता बघितला. "वळवतो की," म्हणाला, आणि गिअर टाकला.

शिवशरण बाजूला झाला नाही. त्याला हे पुरेसं नव्हतं. तो दाराला धरून म्हणाला, "चेअरमनला काय सांगशील?"

"सेक्रेटरीनं वळवाय सांगितलं म्हनीन. दुसरं काय?" मग त्याचं तोंड बघून बलभीम जरा चकित झाला. "तुमीच न्हवं का टँकर आणलेला? कागदावर सोसायटीचं नाव, पर चेअरमन म्हनले मळ्यात चल, म्या गेलो. तुमी आडवं कुठं आला? पैल्या दिवशी म्हनला असता तर पैल्या दिवशी वळवला असता. मला काय, तेवढं डिझेल वाचतंय."

टँकर मागं आला, वळला, शेडकडच्या कच्च्या वाटेला लागला. शिवशरण रस्त्यात उभा होता आणि त्याची मूठ अजून वळलेलीच होती. ती कुणावर उगारावी असा माणूस त्या सगळ्या मोकळ्या माळावर कुठं दिसत नव्हता. एवढंच होतं? अडीच महिने, सव्वीस बायांच्या तोंडची वाफ, आणि एवढंच? कुणीतरी दोन शब्द बोलायचे होते, आणि ते शब्द बोलायचा हक्क ज्याला होता तो उस्मानाबादेत पंख्याखाली पाकिटातल्या सिगारेटी ओढत होता. त्याला वाटलं, ड्रायव्हर भांडला असता तर. नाही म्हणाला असता तर, निदान एकदा. त्यानं मूठ स्वतःच्याच मांडीवर मारली. फार जोरात नाही लागलं.

हौदावर झुंबड उडाली. हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे. दोघी एका घागरीवरून हमरीतुमरीवर आल्या. शिवशरण ओरडत होता, "पानाला ठेवा, पानाला ठेवा!" प्रेमाबाईनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं. "आधी माणसं पिऊ दे. पान निजाय तीन आठवडं लागतात, त्यात घटकाभरानं काय बिघडत न्हाय." ती चांगुणाच्या हंड्याला हात लावून उभी राहिली. तो बाजूला झाला. तिथं त्याला करण्यासारखं काही काम नव्हतं.

पुण्याचा नकार आठ दिवसांत आला, एका ओळीचा. त्याच आठवड्यात संचालकांची बैठक झाली. परवानगीवाचून वाहन वळवलं म्हणून शिवशरणला सेक्रेटरीच्या जागेवरून काढण्यात आलं. वीरप्पा फार दुःखानं बोलला, घरच्या माणसावर अशी वेळ यावी असं म्हणाला. बाकीचे आठजण समोरच्या पानसुपारीकडं बघत राहिले. शिवशरणनं मोसंबीचं नाव घेतलं. तेव्हा एकानं घड्याळ बघितलं. टँकर दोन दिवस हौदाला आला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पुढं निघाला. पण आता बायांनी वळवायचं कसं ते बघून ठेवलं होतं. चांगुणा डोक्यावर रिकामा हंडा घेऊन रस्त्यात जाऊन उभी राहिली, तिच्यामागं दहाजणी. बलभीमनं आरशात बघितलं आणि वळवला. त्यानंतर वीरप्पानं ते प्रकरण वाढवलं नाही. त्याला बहुधा पुढची निवडणूक दिसत होती. पुण्याची दुकानं गेली ती गेलीच, पण शेडला टाळं लागलं नाही. अर्ध्या बाया आळीपाळीनं खडीवर जात, अर्ध्या वळत.

शरणम्मा दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी भरपूर बोलली, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. उस्मानाबादची खोली सोडावी लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी शिवशरण शेडमध्ये आला आणि प्रेमाबाईच्या बाजूला रिकाम्या पाटावर बसला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं, कुणी ऊठ म्हटलं नाही. गोणपाट त्याच दिवशी काढलं होतं; पान काळपट, जड झालं होतं. त्यानं भरणा घेतला, पान पसरलं, बापाची बोटं आठवायचा प्रयत्न केला. बोटांना काही आठवेना. वळता वळता त्याच्या डोक्यात बैठक चालू झाली, आठजणांची खाली घातलेली तोंडं, ते घड्याळ. साहेबांना, वीरप्पाला, मग स्वतःला तो एकेक वाक्य ऐकवत गेला, आणि बोटं घट्ट होत गेली.

प्रेमाबाईनं त्याचा चिरूट उचलला, न पेटवताच ओठांत धरला आणि आत ओढून बघितलं. तिचे गाल खोल गेले. हवा आली नाही.

"लई आवळलास," ती म्हणाली. "असा ओढत न्हाय. उकल."

त्यानं उकलला.

"वळ परत."

त्यानं वळला. तिनं बोटांनी नुसता चाचपला आणि त्याच्यापुढं सरकवला.

"उकल."